कुणाच्या मंगळावर पाणी?

रंजना, रविवारी तू माझ्यासंगं पिंपळगावला येणार होतीस. बोलणार तू होतीस, मी नुसती बाजूला बसून मान हलवणार होते. आपलं पक्कं ठरलं होतं. आन् तू बुधवारी शाळेतून आलीस, चपला काढल्यास, गॅसवर चहा ठेवलास आन् खुर्चीत टेकलीस ती उठलीच न्हाईस. चहा आटून पातेलं जळाल्याचा वास माझ्या खोलीत आला म्हणून मी तुझ्या दारात आले. आधी तर तुझ्यावर खेकसलेच. "घर पेटवतीस का आता?" म्हणाले. तू काही बोलली न्हाईस, तेव्हा मला कळलं. तू कधी माझं बोलणं उधार ठेवत नव्हतीस.

असं न सांगता कुणी जातं का गं?

काल पुण्यानुमोदनाला सगळे बोलले. पांढऱ्या साड्या, मेणबत्त्या, आन् ओळखपत्रावरचा तुझा तो फोटो मोठा करून लावलेला, ज्यात तू कुणाला तरी वर्गाबाहेर काढून राह्यलीस असं वाटतं. तुझ्या नोकरीचं झालं, बदल्यांचं झालं, शिस्तीचं झालं. मला बी पुढं बोलावलं. माइकसमोर उभी राहिले आन् शब्दच फुटंना. काय सांगणार होते? आम्ही दोघी रोज संध्याकाळी गच्चीवर बसून, दुसऱ्या कोणत्या ग्रहावर जीव असंल का न्हाई यावर भांडायचो, हे त्या मंडपात सांगितलं असतं तर लोकांनी मला सावलीत बसवून पाणी पाजलं असतं. हात जोडले आन् खाली बसले. म्हणून आता तुझ्याशीच बोलते. तुझ्यासंगं बोलताना मला कधी अडायला झालं न्हाई.

पहिल्या दिवसापासूनच न्हाई झालं. तू नव्यानं जाफराबादला बदलून आल्तीस. माझ्या दुकानात आलीस, ब्लाउजपीस काउंटरवर ठेवलास, आन् फोनवर कुणाशी तरी बोलून राह्यलीतीस, "अगं हो ना, मंगळावर पाणी होतं म्हणतात. भरपूर होतं!" मी टेप गळ्यात घालून उभी. माझे कान उभे राहिले. आमच्याकडं मंगळ म्हंजे एकच, पत्रिकेतला. आन् पाणी म्हंजे सोडायचं पाणी. मला वाटलं, कुठंतरी कुणी गुरुजी मंगळावर पाणी सोडायचा विधी करतो आन् माणूस मंगळातून सुटतो. तुझा फोन संपेपर्यंत मला दम निघाला न्हाई. म्हणाले, "कुणाच्या मंगळावर पाणी? कोणते गुरुजी सोडतात? मला बी पत्ता द्या की बाई."

तू माझ्याकडं बघितलंस. मंग अशी हसलीस, अशी हसलीस, की स्टुलावर बसून डोळे पुसायला लागलीस. मला आला राग. म्हणाले, "त्या मंगळापायी माझं लग्न झालं न्हाई, आन् तुम्ही दात काढून राह्यल्या?" तुझं हसू जागच्या जागी थांबलं. "म्हंजे? काय झालं होतं?" तू विचारलंस. इतक्या वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं. गावाला सगळं म्हाईतच होतं, विचारतं कोण. शकूला कडक मंगळ, सातव्या घरात, नवऱ्याला खाणार. संपलं.

त्या दिवशी माप राहिलं बाजूला. तू मला मंगळाची कहाणी सांगितलीस. तो लहान आहे म्हणालीस. लहान असल्यामुळं त्याच्या पोटातली आग जल्दी थंडावली. ती थंडावली तसं त्याच्या अंगाभोवतीचं चुंबकाचं कवच गेलं. कवच गेलं तशी सूर्यावरून येणाऱ्या वाऱ्यानं त्याची हवा थोडी थोडी करून ओरबाडून नेली. हवा गेली, मंग पाणी बी थांबलं न्हाई. आता नुसत्या नद्यांच्या वाटा राहिल्यात.

"आपली पूर्णा उन्हाळ्यात दिसती तशा?" मी विचारलं.

"तशाच. पण पूर्णेला पावसाळा येतो. त्याला न्हाई येत, बिचाऱ्याला."

तू मंगळाला बिचारा म्हणालीस, रंजना! ज्याच्या नावानं आमच्या घरात आवाज खाली घेतात, त्याला तू बिचारा म्हणून मोकळी झालीस. "आन् असा उघडा पडलेला, गारठलेला गडी तुमच्या नवऱ्याला खाणार?" म्हणालीस. "त्याला स्वतःची हवा धरून ठेवता आली न्हाई." मी तुझ्या ब्लाउजची बाही उलटी कापली त्या दिवशी. तुला ते कळलं होतं, तरी तू तो ब्लाउज घालायचीस.

पुढं तू माझ्या दुकानावरच्या दोन खोल्यांतली रिकामी खोली घेतलीस, आन् गच्ची आपली झाली. मी तुला विचारलं होतं, "तुला ग्रहांची भीती कामून वाटत न्हाई?" तू म्हणालीस, "माझ्या आज्यानं धम्म घेतला त्याच दिवशी आमच्या घरानं ग्रहांना सुट्टी दिली. मला ते नुसते बघता येतात. तुला बघायच्या आधी हात जोडावे लागतात." टोचलं मला ते. पण खरं होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यासंगं मंगळ बघितला. नुसता बघितला. लालसर, बारका, गुमान आपल्या वाटेनं चाललेला. मला वाटलं होतं तो माझ्याकडं बघून राह्यला असंल.

मंग रोजच सुरू झालं. ग्रहाला जीव धरायला काय लागतं? कलम जीव धरतं तसा ग्रह जीव धरतो, हे बोलणं माझं. तू ते उचलून वर्गात नेलंस आन् मला सांगितलं बी न्हाईस. तुझ्या पोरींनीच दुकानात येऊन सांगितलं.

आधी सूर्यापासूनचं अंतर. हे सांगताना तू मला आधी विचारलंस, "वापसा कळतो ना तुला?" मी पिंपळगावच्या कुणब्याची पोरगी, मला वापसा विचारतीस! मंग तू तुझ्या मायचं सांगितलंस, ती तुमच्या धावड्याला दुसऱ्यांच्या रानात पेरणीला जायची. मालक मूठभर माती उचलून दाबायचा. गोळा झाला की थांबा. भुसभुशीत फुटला की चला, वापसा आला, पेरा. ओल बी आहे, हवा बी आहे, दोन्ही बराबर. "पृथ्वी वापशावर आहे, शके," तू म्हणालीस. "जरा आत सरकली असती तर पाण्याची वाफ. जरा बाहेर असती तर बर्फ." मला त्या रात्री झोपताना पायाखाली सगळी पृथ्वीच भुसभुशीत लागून राह्यलीती.

शुक्र मात्र तू माझा पार बिघडवलास. मावळतीला किती सुंदर दिसतो, आन् आमच्यात तर तो लग्नाचा ग्रह. तू म्हणालीस, वरून सुंदर, आत भट्टी. ढगांची अशी जाड गोधडी पांघरून बसलाय की आत शिसं वितळंल. म्हंजे लग्न मोडणारा गार, आन् लग्न लावणारा भट्टी! मी म्हणाले, "बराबर आहे. माझ्या मैत्रिणींच्या लग्नातून बी तसंच निघालं." तू चहा सांडलास हसता हसता. तुझा नवरा लवकर गेलेला, तू कधी त्याच्याबद्दल वाईट बोलली न्हाईस, चांगलं बी फार न्हाई. पण त्या दिवशी तू जरा जास्तच हसलीस.

सूर्य शांत स्वभावाचा पाहिजे, हे मला सगळ्यात पटलं. आदळआपट करणारा सूर्य असला तर अंतर कितीही नेमकं असू दे, लेकरू वाढत न्हाई. आन् वेळ पाहिजे. न मोडलेला, कुणी मधेच उपटून न टाकलेला, लांबच लांब वेळ. तू हे सांगायचीस तेव्हा तुझा आवाज एकदम खाली यायचा. खाली बस स्टँडवर कंडक्टर ओरडून राह्यलेला असायचा, भोकरदनची जीप भरत असायची, आन् तू म्हणायचीस, "नुसतं पाणी आन् ऊब मिळून भागत न्हाई गं. त्यांना बसू द्यावं लागतं एकमेकांजवळ." मला वाटायचं, आपल्या दोघींचंच सांगून राह्यली का काय.

पण तुझा खरा जीव जडला होता त्या चंद्रावर. गुरूच्या एका चंद्रावर. थंडीत गुरू डोक्यावर यायचा, ठळक, न लुकलुकणारा, आन् तू म्हणायचीस, "त्याच्या अंगणात एक आहे, इथून दिसणार न्हाई." वर सगळा बर्फ, दगडासारखा कडक, भेगाच भेगा. आन् खाली समुद्र. आपल्या सगळ्या समुद्रांपेक्षा जास्ती पाणी असंल म्हणतात. सूर्याचा उजेड तिथं पोचतच न्हाई. मी विचारलं, मंग गोठत कसं न्हाई? तर तू हातानं दाखवलंस. गुरू त्याला ओढतो, सैल सोडतो, परत ओढतो, कणीक मळल्यासारखा. मळून मळून त्याचं पोट ऊबदार राहतं.

त्या दिवसापासून मी दुकानात बसल्या बसल्या तिथं जायला लागले. मशीनच्या पायट्यावर पाय चालला की डोळे अर्धे मिटायचे. वरून छत, छतावर बर्फ, आन् मी खाली काळ्या कोमट पाण्यात. काही दिसत न्हाई, पण काहीतरी आहे. मऊ, आपल्याला नाव न म्हाईत असलेलं, एकमेकांना चाचपत चाललेलं. त्यांना चांदण्या म्हाईत न्हाईत. त्यांना वाटतं बर्फ म्हंजेच आभाळ. कुणी गिऱ्हाईक "झाला का हो ब्लाउज?" म्हणायचं, आन् मी त्या पाण्यातून वर यायचे, केस ओले असल्यासारखी. तुला हे सांगितलं तर तू चेष्टा करशील वाटलं होतं. तू केली न्हाईस. तू म्हणालीस, "मी बी जाते. तास संपल्यावर, स्टाफरूममध्ये."

मंग भांडण कशावरून, तर यावरूनच. मी म्हणायचे, त्या समुद्रात जीव असंल, पण वरून कुणाला कळलंच न्हाई, कधीच न्हाई, तर तो असून काय आन् नसून काय? तू उसळायचीस. "त्यांना काय तुझ्या दाखल्याची गरज आहे का? ते जगून राह्यलेत, तेवढं बस." मी म्हणायचे, न्हाई. कुणीतरी एकानं तरी "आहेस का?" म्हणून विचारलं पाहिजे. तू चिडलीस की पार धावड्याची व्हायचीस. "बिलकुल न्हाई! बिलकुल न्हाई शके!" आन् मंग रुसून खाली जायचीस, आन् थोड्या वेळानं वाटीत काहीतरी घेऊन वर यायचीस.

तू मला न विचारलेली एकच गोष्ट होती. माझ्यावर केलेला विधी. आमच्यात पोरीला कडक मंगळ असला की तिचं आधी मडक्याशी लग्न लावतात. तिचा पहिला नवरा मरणार ना, मंग मडक्याला मरू द्या. मडकं फोडलं की पोरगी मोकळी, खऱ्या नवऱ्याला धोका न्हाई. मी तुला एवढंच सांगितलं होतं की माझं झालंय. पुढचं मी सांगितलं न्हाई, तू उकरलं न्हाईस. तुझे उपकार मोजायचे ठरवले तर हा पहिला.

आन् मंग ऋतुजाचं निघालं. माझ्या दादाची पोरगी, बी.एस्सी. झालेली, माझी लाडाची. पोरगा भोकरदनकडचा, दोघांना एकमेकं पसंत. पत्रिका जुळवायला गेले तर निघाला मंगळ. पोराकडच्यांनी सांगितलं, मडक्याचा विधी करून घ्या, मंग पुढचं. दादा लगेच तयार. ऋतुजा बी तयार. फोनवर मला म्हणाली, "आत्या, एका सकाळचं तर काम हाय, बसते मी मडक्याजवळ. कशाला वाद?" माझ्या हातातली कात्री खाली पडली. मला तिला सांगायचं होतं की ते एका सकाळचं नसतं. पण कसं सांगायचं, कुठून सुरू करायचं?

तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "रविवारी जाऊ. मी बोलते तुझ्या दादाशी." मला किती भरून आलं ते मी दाखवलं न्हाई. कारण तू मागं एकदा आमच्या घरी आल्तीस तेव्हा वहिनीनं तुला ओट्यावरच चहा दिल्ता. मला लाजंनं मेल्यासारखं झालं होतं, आन् तू येताना जीपमध्ये म्हणालीस, "हवा छान होती ओट्यावर." त्या घरी परत जायला तू तयार झालीस, माझ्या भाचीसाठी. मंगळवारी संध्याकाळी आपण परत त्या समुद्रावरून भांडलो. मी म्हणाले, तू हारलीस. तू म्हणालीस, "थांब, मला एक मुद्दा सुचलाय. रविवारी जीपमध्ये सांगते." काय होता गं तो मुद्दा? मी रोज तुझ्या बाजूनं एकेक मुद्दा करून बघते, पण मला तुझ्यासारखं माझ्याशी भांडता येत न्हाई.

तर त्या रविवारी मी एकटी गेले.

जीपमध्ये तुझी जागा कुणीतरी बाईनं घेतली, कापसाचं गाठोडं मांडीवर घेऊन. सकाळचं धुकं होतं. रानं दिसायची, मंग नाहीशी व्हायची. हरभरा, शाळू, वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या, सगळं पाण्याखाली असल्यासारखं सावकाश सरकून राह्यलंतं. मी मनात तुझं बोलणं घोकत होते. लहान, आग, कवच, वारा, हवा, पाणी. लहान, आग, कवच. परीक्षेला निघाल्यासारखी. मधेच डोळा लागला आन् वाटलं तू शेजारीच आहेस, खिडकीबाहेर बघून राह्यलीस, आन् आपल्याला कुठं जायचंच न्हाई, नुसतं जायचंय. त्या बाईनं हलवलं, "पिंपळगाव आलं, उतरा जल्दी."

वहिनी दारातच होती. "वन्सं, बाई गेल्या म्हणं," म्हणाली. "या खेपेला त्यांना आत बसवणार होते मी. नवीन कप काढले होते." मला तिचा राग बी आला आन् रडू बी. आत गेले.

दादा, ऋतुजा आन् मी बसलो. वहिनी तिकडं भाकरी करायला लागली. मी सुरू केलं. "दादा, मंगळ लहान हाय. त्याच्या पोटातली आग विझलेली हाय. त्याचं चुंबक सूर्यानं ओढून नेलं..."

"आत्या, चुंबक न्हाई, हवा नेली," ऋतुजा म्हणाली.

"तेच ते! हवा नेली. नद्या गेल्या. तो गार पडलाय, दादा. त्याच्यानं कुणाचं काही होत न्हाई."

दादा वाईट न्हाई गं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणाला, "शके, मंगळ गार असू दे न्हाईतर गरम. पोराकडचे गरम झाले तर मी काय करू? आन् उद्या जावयाचं काही बरंवाईट झालं तर लोक कुणाच्या पोरीला नाव ठेवतील? मडकं फोडून भागतंय तर फोडून टाकू. तुझ्या टायमाला बी केल्तंच की. काय बिघडलं तुझं?"

काय बिघडलं! रंजना, तुझं सगळं शिकवणं माझ्या डोक्यातून उडालं. एक अक्षर राहिलं न्हाई. आन् मंग माझ्या तोंडातून जे निघालं ते मी तुला बी कधी सांगितलं नव्हतं.

"मला हळद लावली," मी म्हणाले. "हिरव्या बांगड्या भरल्या. मडक्याला मुंडावळ्या बांधल्या आन् मला त्याच्याजवळ बसवलं. पाण्यानं भरलेलं होतं, गार. मी हात लावला त्याला. आधी हसू आलं. मंग दया आली. माझ्यापायी मरणार होतं ते. विहिरीवर नेऊन फोडलं तेव्हा तूच धरून नेल्तं मला, दादा. मायनं माझ्या बांगड्या उतरवल्या. मंग तुम्ही सगळे जेवायला बसलात. लापशी होती. मला कुणी विचारलं न्हाई की शके, तुला कसं वाटून राह्यलं. आन् तरी बी त्या पोराकडच्यांनी नकार दिलाच ना? मंग मी कुणाची झाले? त्या मडक्याचीच ना? मी आजपर्यंत हिरव्या बांगड्या घातलेल्या बघितल्या का कुणी? मी विधवा हाय, दादा. मडक्याची. आन् ऋतुजाला मी तसं होऊ देणार न्हाई. मी तिथं आडवी पडंन."

दादानं मान खाली घातली. ऋतुजा माझ्या हाताकडं बघून राह्यलीती. माझ्या हातात स्टीलचं घड्याळ, बस्स. तिनं ते कधी बघितलंच नसंल.

"पण आत्या, मला खरंच मंगळ हाय," ती हळूच म्हणाली. "त्याला काही झालं तर?"

तिकडं भाकरी थापायचा आवाज थांबला.

"मला बी हाय," वहिनी म्हणाली.

"काय हाय?" दादानं विचारलं.

"मंगळ."

पीठभरल्या हातांनी ती दारात येऊन उभी राहिली. "आमच्या अप्पांनी दुसरी पत्रिका करून घेतल्ती. सोयरीक मोडंल म्हणून. मडक्याचं बी केलं न्हाई, गावात कळंल म्हणून. मंगळवार मी पोराबाळांसाठी धरती असं वाटतं ना तुम्हाला? तुम्ही शेतातून उशिरा आलात की माझा जीव उडायचा. तुम्हाला नुसता ठसका लागला तरी वाटायचं, झालं, माझ्यामुळंच झालं. या माणसाला सांगावं, न्हाई सांगावं, यातच माझं सारं वय गेलं." मंग तिनं पदरानं डोळे पुसले, तोंडभर पीठ लागलं, आन् दादाकडं बघून जोरात म्हणाली, "खाल्लं का मी तुम्हाला? सांगा ना. खाल्लं का?"

दादाचं काय सांगू तुला. सोयाबीनच्या पोत्याएवढा तो माणूस, रोज दोन ताटं जेवणारा, तसाच्या तसा बसून राहिला. इतकी वर्षं एका घरात, एका ताटाला, आन् त्याच्या पायाखाली केवढी भीती नांदून राह्यलीती, त्याला पत्ता न्हाई. आम्हा कुणालाच पत्ता न्हाई. मी त्याच बाईला मनातल्या मनात किती बोल लावले होते.

मंग म्हणाला, "तरीच."

"तरीच काय?" वहिनी.

"तरीच भाजी एवढी तिखट असती."

आधी ऋतुजा फुटली. मंग मी. मंग वहिनी, रडता रडता. मी हसले, रंजना, तू गेल्यापासून पहिल्यांदा. पोट धरून हसले. दादा उठला, तिच्या हातावरचं पीठ आपल्या टॉवेलनं पुसलं, आमच्यासमोर. मी त्याला असं कधी बघितलं नव्हतं. म्हणाला, "गुरुजीला सांगतो, येऊ नका." ऋतुजानं तिथंच पोराला फोन लावला. "मी मडक्याशी लग्न करणार न्हाई. करायचं तर तुझ्याशी," म्हणाली. तो म्हणाला, आईला विचारतो. ती म्हणाली, विचार, आन् न्हाई म्हणाली तर तसं सांग, मी रडून घेईन. फोन ठेवला आन् भाकरी खायला बसली. उत्तर अजून आलेलं न्हाई. येईल न्हाईतर न्हाई. पण ती पोरगी मडक्याजवळ बसणार न्हाई, हे झालं.

येताना जीप भरायला वेळ लागला तर मी ड्रायव्हरवर ओरडले. "चला की जल्दी, मला घरी जायचंय!" ऊन उतरलं होतं, रानं सोनेरी झाल्ती, मला काही दिसत नव्हतं. मी नुसती जुळवत होते, कसं सांगायचं. आधी दादाचं सांगायचं, मंग माझं, आन् वहिनीचं शेवटी. न्हाई, वहिनीचंच आधी. तू काय म्हणशील, कशी उडशील, खुर्चीवरून पडशील. बस स्टँडवर उतरले ती पळतच निघाले. या वयात, साडी खोचून. दोन दोन पायऱ्या चढले. तुझ्या दाराशी आले, कडी वाजवायला हात उचलला.

तुझ्या भावानं कुलूप लावून किल्ली नेलेली.

मी तशीच उभी राहिले, हात वर. खाली गिऱ्हाईक आलेलं, "शकूताई, काय झालं?" म्हणून विचारून राह्यलंतं. मी दाराला तोंड लावलं. मोठ्यांदा म्हणाले, गल्लीला ऐकू जाईल असं.

"रंजना, अगं ऐकलं का! वहिनीला मंगळ हाय!"